शिंगाच्या मुठीचा चाकू

गोजरबाईला चाकू हवा होता, पण तो अंगावर असून कुणाला दिसायला नको होता. कनवटीला खोचला तर लुगडं खाली ओढलं जाऊ नये, खुरपायला वाकलं तर पोटाला टोचू नये, आणि वेळ आली तर एका हाताने काम व्हावं. दुसरा हात डोक्यावरच्या पाटीला धरलेला असायचा. हसनाबादच्या बाजाराला निघण्याआधीच तिने हे सगळं मनाशी पक्कं केलं होतं. तिची वाडी तिथून दोन कोसांवर होती, आणि त्या दोन कोसांत तिला भेटलेल्या एकाही माणसाला तिने आपण कशाला चाललोय ते सांगितलं नाही.

साल फसली तेराशे सेहेचाळीस, मुलूख निजामाचा. तिचा नवरा कडूबा तापाने गेला, त्याला चार वर्षं झाली होती. एकुलती मुलगी पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. मागे उरलं ओढ्याकाठचं काळ्या मातीचं रान, आणि त्या रानाला जायला धड अशी एकच वाट. ती वाट तिचा धाकटा दीर बद्रीनाथ याच्या खळ्यावरून जात होती. वाटणी झाली तेव्हा दोघे भाऊ एका ताटात जेवत होते, त्यामुळे वाटेचं कागदावर काही लिहून घ्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कडूबाचं तेरावं झालं आणि बद्रीनाथ म्हणाला, "वहिनी, रान मला बटईनं दे. तू लेकीकडं जाऊन सुखानं राह्य."

"मी हितंच राहीन," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने तिला वहिनी म्हणणं सोडलं.

खळ्याच्या तोंडाला बोराटीचं कवाड होतं. बद्रीनाथ ते अंबाडीच्या दोराने बांधू लागला. आधी साधी गाठ मारायचा. मग दोर पाण्यात भिजवून मारू लागला. भिजलेली गाठ उन्हात वाळली की दगडासारखी घट्ट होते. गोजरबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून नखांनी गाठ सोडवत बसायची आणि बद्रीनाथ खळ्यात बाजेवर बसून ते बघायचा. तिच्याबरोबर निंदायला आलेल्या बायका अर्धा-अर्धा तास खोळंबायच्या, आणि पुढे पुढे त्यांनी तिच्याकडे कामाला यायचंच सोडलं.

ज्वारी काढणीला आली त्या सकाळी तिच्या हातात विळा होता. अंगठ्याचं नख मुळापासून उलटलं होतं. बाजेवरून बद्रीनाथ म्हणाला, "कडूबा असता तं त्यानंबी कटाळून सोडून देल्ली असती तुला."

विळा दोरावर उचललेला होता. तो दोरावर पडायच्या आधी तिचं अंग वळलं आणि विळा बद्रीनाथच्या दिशेने वर गेला. मध्ये कवाड होतं, म्हणून पुढे काही घडलं नाही. पण हात वर गेला होता. हे तिला माहीत होतं, बद्रीनाथला माहीत होतं, आणि खळ्यालगतच्या घराच्या ओसरीत दळण निवडत बसलेल्या तिच्या जावेला, नंदाबाईला, माहीत होतं.

बद्रीनाथ सरळ चावडीवर गेला. गावचा पोलीस पाटील रामराव याने दोघांना समोर उभं केलं. गोजरबाईने पदर नीट केला आणि सांगितलं, "मी दोर कापून राह्यलते." खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. रामरावाने फार खोलात न जाता हुकूम दिला, की गोजरबाईने हातात विळा, कोयता, कुऱ्हाड काहीही घेऊन खळ्यावरून जायचं नाही. कवाड बांधायचं की नाही, यावर तो अवाक्षर बोलला नाही.

विळा मग ती रानातच लिंबाच्या फांद्यांच्या दुबेळक्यात अडकवून ठेवू लागली. तिसऱ्या दिवशी तो तिथून गेला.

सुऱ्या विकणारा, धार लावणारा शिकलगार बाजाराच्या टोकाला, चिंचेखाली बसला होता. धारेची सान फिरवायला त्याची म्हातारी होती, पुढ्यात गोणपाटावर सुऱ्या, अडकित्ते, वस्तरे मांडलेले. गोजरबाई समोर बसली तेव्हा त्याने न बघताच एक विळी तिच्याकडे सरकवली.

"विळी नगं. मिटणारा चाकू दाखवा."

त्याने मान वर केली. तिचं मोकळं कपाळ पाहिलं, हात पाहिले. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बाई, कुणाचं बरंवाईट करायचं असंल तं माझ्याकडून काही नेऊ नको. पोलीस पहिले माझ्या दारात येतात."

"दोर कापायचाय."

"दोराला विळा बस होतो."

"विळ्याची मनाई हाय मला."

मग नाइलाज झाल्यासारखा हात मागे नेऊन त्याने एक चाकू काढला. वीतभर लांब, जाड, खटक्याचा. अंगठ्याने काही दाबलं, आणि पातं असं खाडकन बाहेर आलं की शेजारचा मिरचीवाला वळून बघू लागला. गोजरबाईने तो हातात घेतला. पावशेराच्या मापाएवढा जड. मिटायला गेली तर मिटेना. एका हाताने कडी ओढायची आणि दुसऱ्याने पातं दाबायचं, असं त्याचं गणित होतं.

"हा न्हाई."

दुसरा शिसवी मुठीचा, नक्षी केलेला, बघताच मनात भरणारा. तिने उघडला आणि पातं दोन बोटांत धरून हलवलं. खिळा ढिला होता. दोर कापताना पातं असं डुललं तर बोटच जाईल.

"ह्यो बी न्हाई."

"मंग तुला पायजे तरी काय?" शिकलगार वैतागला. "बाजार उठायची वेळ झाली."

"पातळ पायजे. हलका. आन् बंद किती जल्दी व्हतो, ते दाखवा."

शिकलगाराने सान फिरवणाऱ्या म्हातारीला थांबायची खूण केली. "उघडतो किती जल्दी, हे समदे इचारतात," तो म्हणाला. "बंद किती जल्दी व्हतो हे आजवर कुणी इचारलं न्हाई. का पायजे तुला?"

गोजरबाईला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. काढणीच्या त्या सकाळी हातातला विळा खाली यायला जितका वेळ लागला होता, तेवढा वेळ तिला स्वतःला परत कधी द्यायचा नव्हता.

त्याने पेटीतून कापडात गुंडाळलेला एक चाकू काढला. काळ्या म्हशीच्या शिंगाची मूठ, आत पितळेचे पातळ पत्रे, पातं करंगळीएवढं रुंद. मिटलेला असताना तो चुन्याच्या डबीपेक्षा जाड नव्हता. तळहातावर घेतला तर काही ठेवल्यासारखं वाटेना. पात्याला नख लावायची खाच होती. तिने ती दातात धरली आणि मूठ पुढे ओढली, पातं उघडलं. बाजूचा मिरचीवाला हसला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. पात्याची पाठ मांडीवर टेकवून दाबली. पातं धरणारी आतली कमान ताठ होती. अर्ध्यापर्यंत कमानीने जोर मागितला, आणि मग पातं आपसूक आत गेलं. टक्.

तिने परत उघडला, परत मिटला. डाव्या हाताने केला. मग म्हातारीच्या तांब्यात बोटं बुडवून ओल्या हाताने केला. कमानीचा आवाज दर वेळी सारखाच येत होता. शेवटी तिने गोणपाटाच्या कडेचा सुतळीचा धागा एका ओढीत कापला.

"माझं गोणपाट हाय ते," शिकलगार म्हणाला.

"ह्योच द्या."

पेटीत पडून असलेली आपली जोडवी तिने त्याच सकाळी सोनाराला दिली होती. त्यातून चाकू आला. शिकलगाराने देताना बजावलं, "याच्या टोकानं काही उचकटू नको. पातं नाजूक हाय. कापायला हाय, उचकटायला न्हाई."

पुढचे वीसेक दिवस गोजरबाईचे बरे गेले. त्या चाकूने ती बांधावर कांदा चिरायची, पायात मोडलेला काटा काढायची, पेंढीचे बंद तोडायची. कवाडापाशी आली की दाताने उघडून दोर कापायची, मांडीवर मिटून कनवटीला लावायची आणि डोक्यावरची पाटी न उतरवता आत शिरायची. कापलेला दोर गुंडाळून ती बद्रीनाथच्या बाजेच्या पायाशी ठेवायची. तेवढं मात्र ती मुद्दाम करत होती. तो रोज नवा दोर बांधायचा आणि रोज त्याच्या पायाशी दोराचे तुकडे साठायचे. गावात लोक हसू लागले.

एके सकाळी ती आली तर बद्रीनाथ बाजेवर नव्हता. कवाडाला टेकून उभा होता. दोराची गाठ त्याने मुठीत धरली होती, आणि मनगट दोरावर आडवं टाकलं होतं.

"काप," तो म्हणाला.

तिने चाकू उघडलेला होता.

"काप न. रोज कापती. आज माझा हात हाय मधी, म्हून काय झालं? विळा उगारला व्हता तव्हा भ्याली न्हाईस."

मनगटावरची निळी शीर तिला स्पष्ट दिसत होती. ह्याच हाताला तिने लग्न होऊन आली त्या वर्षी हळद लावली होती. विंचू चावला होता, हा दहा वर्षांचा होता, आणि रडत तिच्याच मांडीवर झोपला होता. हे आठवून तिला माया आली असती तर बरं झालं असतं. आला तो रागच, आणि आधीपेक्षा जास्त. चाकू इतका हलका होता की हातात आहे असं वाटतच नव्हतं. पुढे नेला असता तरी वाटलं नसतं.

तिने पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि दाबली. टक् असा आवाज झाला. चाकू कनवटीला गेला.

"धरून उभा राह्य," ती म्हणाली. "मला घाई न्हाई."

पाटी उतरवून ती बांधावरच्या बाभळीखाली बसली. बद्रीनाथ तसाच उभा. ऊन चढलं. नंदाबाईने ओसरीतून जेवायला हाक मारली, तो गेला नाही. त्याने मूठ दोनदा बदलली, तेही तिला बसल्या जागेवरून दिसलं. दोघांनीही एकमेकांवरून नजर काढली नाही. शेवटी त्याने दोर सोडला, तिच्याकडे बघून थुंकला आणि घरात गेला.

तो बाहेर आला तेव्हा तळहातावर रक्ताने भिजलेलं धोतराचं फडकं होतं. तो चावडीच्या वाटेला लागला होता आणि जाताना मोठ्याने सांगत होता, की कडूबाच्या रांडमुंड बायकोने त्याला चाकू मारला.

रामरावाने तिला बोलावून घेतलं. चावडीत पंधरा-वीस माणसं जमली होती, त्यात एकही तिची नव्हती. त्याने चाकू मागितला. तिने कनवटीचा काढून समोर ठेवला. एवढासा, काळा, मिटलेला चाकू पाहून कुणीतरी म्हणालं, "ह्यानं तं सुपारी बी फुटायची न्हाई." माणसं हसली. बद्रीनाथ लाल झाला.

"मी मारला न्हाई," गोजरबाई म्हणाली. "मी मिटून ठुला व्हता."

"कुणी पाह्यलं?"

तिने बद्रीनाथच्या मागे भिंतीशी उभ्या असलेल्या नंदाबाईकडे पाहिलं. नंदाबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"तहसिलीचे गिरदावर साहेब पुढल्या महिन्यात दौऱ्यावर येतील," रामराव म्हणाला. "तव्हर हा मुद्देमाल माझ्याकडं राहील." त्याने चाकू उचलला, उघडला, मिटला. परत उघडला. कमानीचा आवाज त्याला आवडला, हे तिला दिसलं. तो चाकू त्याने बाराबंदीच्या खिशात टाकला.

त्या महिनाभरात कवाडावर दोराच्या जागी साखळी आली. गोजरबाई ओढ्यातून, कमरेइतक्या चिखलातून वळसा घेऊन रानात जाऊ लागली. एकदा चावडीवरून जाताना तिने पाहिलं, तर रामराव ओट्यावर बसून तिच्या चाकूने सुपारी कातरत होता. ती थांबली.

"पाटील, मुद्देमाल असा वापरतात का?"

"तुला वापरायला देऊ का मंग?" तो म्हणाला. "जा, आपल्या कामाला लाग. चावडीवर बायांनी थांबू न्हाई."

ती गेली. जाताना तिने त्याला एवढंच सांगितलं, की गिरदावर साहेबांना हे विचारीन.

गिरदावर आला तो ठरल्या वेळेपेक्षा आठ दिवस उशिरा. काळी शेरवानी, डोक्यावर फेज टोपी, फार न बोलणारा माणूस. त्याने आधी खळ्यावर जाऊन वाट पाहिली, साखळी पाहिली, ओढ्याचा चिखल पाहिला. मग चावडीत बसून बद्रीनाथला हातावरचं फडकं सोडायला लावलं. जखम भरत आली होती. वण करवतीसारखा होता, वाकडातिकडा.

"चाकू आणा," तो म्हणाला.

रामरावाने खिशातून काढून दिला. गिरदावराने सरळ धारेच्या पात्यावरून बोट फिरवलं, परत वण पाहिला. मग त्याने नंदाबाईला पुढे बोलावलं.

"तुम्ही घरात होता. काय पाहिलं ते सांगा. इथे कुणी तुम्हाला काही करणार नाही."

सगळ्यांना ठाऊक होतं की इथे नाही केलं तरी घरी करतील. नंदाबाई पुढे आली. चार वर्षांत गोजरबाईने तिचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता.

"हातावर विळा लागला," नंदाबाई म्हणाली. "आमच्याच घरातला, दात्यांचा. त्यायनं सवताच ओढून घेतला. मी धुतला त्यो विळा. धू म्हणले, म्हून धुतला."

बद्रीनाथ उठला. कोतवालाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"आन् अजून सांगते," नंदाबाई तशीच म्हणाली. आता ती गोजरबाईकडे बघत होती. "ही बी काही साधी न्हाई. पहिल्या बारीला विळा उगारला व्हता हिनं. दोरावर न्हाई, माणसावर. मी डोळ्यानं पाह्यलं. चावडीत खोटं बोलली ही."

सगळ्या माना गोजरबाईकडे वळल्या. आता नाही म्हणून चाललं असतं. एक बाई दुसऱ्या बाईच्या विरुद्ध, ज्याचं त्याने ठरवावं.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "उगारला व्हता."

गिरदावराने लेखणी थांबवून तिच्याकडे पाहिलं. "मग परत का नाही उगारलात?"

"म्हून तं असा चाकू घेतला, साहेब. झट् मिटंल असा."

त्याला ते कितपत समजलं, कोण जाणे. त्याने कागदावर लिहायला सांगितलं, की वाट पूर्वापार आहे, कवाडाला दोर किंवा साखळी लावायची नाही, आणि गोजरबाईने दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथून जावं-यावं. खोटी फिर्याद केल्याबद्दल बद्रीनाथला ताकीद. विळा उगारल्याबद्दल गोजरबाईला ताकीद. "चाकू बाईंना परत करा," तो म्हणाला आणि पुढचं प्रकरण हातात घेतलं.

रामरावाने चाकू तिच्या हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवला. तिने उघडून पाहिला. टोक मोडलं होतं. जवभर तुकडाच गेला होता.

"टोक मोडलं."

"पेटीचं कुलूप निघत न्हव्हतं," रामराव म्हणाला. "घेऊन जायचा तं घे, न्हाई तं ठेव हितंच."

तिने घेतला. पुढच्या बाजाराला शिकलगाराने टोक घासून नवं केलं, पातं तेवढं आखूड झालं. कुणी उचकटायला वापरला म्हणून तो तिच्यावरच चिडला. तिने ऐकून घेतलं, पाटलाचं नाव सांगितलं नाही.

साखळी निघाली. बद्रीनाथने वाटेच्या दोन्ही अंगांनी इतकं बोराटीचं कुंपण घातलं की बैल सरळ चालवला तरच जाई. ती बैल सरळ चालवायला शिकली. ती आली की तो बाजेवर पाठ फिरवून बसायचा. पुढे कितीतरी वर्षं हेच चाललं, आणि दोघांपैकी कुणीही शब्दाने शब्द बोललं नाही.

नंदाबाईला त्याच आठवड्यात माहेरी धावड्याला पाठवलं होतं. तीन महिन्यांनी, पेरणीच्या कामाला माणूस कमी पडलं तेव्हा तिला परत आणलं. माहेरी गेली तेव्हाच तिचा डावा कान सुजलेला होता, आणि त्या बाजूने तिला पुन्हा कधी नीट ऐकू आलं नाही.

ती आल्यावर दोन दिवसांनी विहिरीवर दोघींची गाठ पडली. तिसरं कुणी नव्हतं. गोजरबाईने घागर भरून काठावर ठेवली आणि थांबली. बोलायचं ठरवूनच आली होती.

"नंदा," ती म्हणाली, "त्या दिशी तू बोलली, म्हून..."

"तुझ्यासाठी न्हाई बोलले," नंदाबाई म्हणाली. तिने पोहरा वर ओढायचा थांबवला नाही. "मला त्यो विळा धुवायला लावला. रगत लागलेला. त्याचा राग व्हता. तुझा बी व्हता. दोन्ही बोलून मोकळी झाले."

"बरं केलं."

"बरं केलं का वाईट, ते तू नको सांगू मला."

नंदाबाईची घागर भरली. भरलेली घागर डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो, आणि विहिरीवर एकीने दुसरीला तो द्यायचा असतो. दोघी थोडा वेळ आपापल्या घागरीपाशी उभ्या राहिल्या. मग नंदाबाईने गुडघा टेकला, घागर आधी मांडीवर घेतली, मग खांद्यावर, मग डोक्यावर. पाणी हिंदकळून तिचा पदर भिजला. ती वळून न बघता गेली. गोजरबाईने तिला वळणापर्यंत जाऊ दिलं आणि मग आपल्या घागरीपाशी गुडघा टेकला.